दाराकडचं घर

बोरी अरब, तांडा
२० जानेवारी, मंगळवार

चि. शीला,

याडीचा, तुझ्या मायचा, आशीर्वाद घे. इकडे सारे बरे आहोत. तुझ्या बापूले कानानं अजून कमी ऐकू येते. शेळी व्याली, दोन्ही पाठीच झाल्या, बोकड एक बी नाही. तूर अंगणात वाळून राह्यली. हे सारं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधातच बोलते. कागदाले तुले टोकता येत नाही. साक्षरतेच्या वर्गात शिकली तेवढ्यावर लिहून राह्यली, तीन दिवस लागले. अक्षराले हसू नको.

तू वर्षाले निरोप धाडला, "दोन दिवस राह्य, मंग गुपचाप ढाणकीले सासरी परत जा." आयकून माझं डोकंच फिरलं. कायले जाईन ती? तू पोरीची माय आहे का जावयाची वकील?

ती आली त्या दिवशी मले किती आनंद झाला, काय सांगू! भाकर थापत होती, पाह्यतो तं दारात वर्षा. "नानी, भूक लागली," म्हणे. वांग्याच्या भाजीसंगं चार भाकरी खाल्ल्या. मी तव्यावरची करपवली तिच्याकडे पाहत पाहत. सारी दुनिया सोडून नातीनं माझं दार धरलं! मले वाटलं, तांड्यात हाका मारत फिरावं.

दुसऱ्याच दिवशी शेजारची प्रभावती सूप मागाले आली. सूप कायचं, चौकशी. "किती दिवस हाये वं पोरगी?" मी म्हटलं, "तुझी सून माहेरी होती त्याच्याहून एक दिवस जास्त." सूप न घेताच गेली.

तू लहानपणी ओसरीतल्या दगडावर खिळ्यानं अष्टाचंगचा पट कोरला होता, आठवते का? म्या किती शिव्या देल्ल्या होत्या तुले. तो अजून आहे. वर्षानं घासून काढला, दान टाकाले चिंचोके फोडले. दुपारी ती, मी अन् तुझे बापू, तिघं खेळतो. बापू दान खोटं मोजतात. टोकलं की म्हणतात, "ऐकू नाही आलं." चाराचं चंफुल पडलं की मात्र बराबर ऐकू येते त्यायले!

खेळता खेळता मले वाटलं, सारा जलम या दगडावर आहे. आपल्या घराच्या फुलीवरून निघालो, म्हणजे माहेर सुटलं. मंग बाहेरच्या रांगेनं फिरा, लेकरं, घर, वावर. आतल्या रांगेत गेलं की उलटं फिरावं लागते. मी आता तिथंच आहे. जिथून पुढं पुढं धावली होती, तेच सारं उलटीकडून पाहून राह्यली.

अन् शीला, दुसऱ्याच्या फुलीवर बसलेल्या गोटीले बी कोणी मारत नाही, असा नियम आहे. सासरचं घर तसंच पाहिजे का नाही? माझ्या नातीनं तिथंच मार खाल्ला. अंगणवाडीत निवड झाली तिची, तो कागद तुझ्या जावयानं, इंद्रजितनं फाडला. तिनं तुकडे उचलले म्हणून हात पिरगाळला. डावा हात कोपरापर्यंत निळा आहे. हे तिनं तुले सांगितलं होतं ना? तरी "गुपचाप जा"?

परवा त्याचा फोन आला. "पाठवता का मीच येऊ?" मी म्हटलं, "ये बाबा. तांड्याच्या साऱ्या बायांले ओसरीत बसवतो. तो हात निळा कायनं झाला, ते त्यायले सांग." फोन ठेवून देला त्यानं.

काल बापूनं वर्षाची गोटी मारली. तिनं ती उचलली, आपल्या फुलीवर ठेवली, "आली मी घरी," म्हणाली अन् चिंचोके मागितले. कोणी विचारलं नाही, काहून आली, किती दिवस राह्यशीन. माझा हात तिथंच थांबला. बापू ओरडले, "दे ना वं तिले चिंचोके!"

आता जे लिहायसाठी तीन दिवस लागले ते लिहितो. वर्षा चार महिन्याची होती तेव्हा तू अशीच आली होती. ओसरीत बसली अन् उन्हाळ्यात पदर हातावर ओढून घेतला. म्या पाह्यलं होतं, शीला. पाह्यलं अन् लेकराची टोपी नीट करत बसली. सकाळी शिदोरी बांधली अन् तुले गाडीत बसवलं. "गुपचाप राह्यजो," म्हटलं. तू खिडकीतून पाहत होती, मी लवकर मागं फिरली. आज तू वर्षाले जे म्हणून राह्यली ते तुझं नाही, माझं आहे. म्हणून तुझ्यावर एवढी चिडली मी.

वर्षा कुठंच जात नाही. सोमवारी बापू तिले घेऊन निवडीचा दुसरा कागद मागाले जाणार आहेत. तू बी ये. राहाले ये. पटावर चार घरं आहेत, आम्ही तिघंच बसतो. दाराकडची फुली रिकामी आहे. तुझी लाल बांगडीच्या काचेची गोटी सापडली नाही, नवी फोडून ठेवली आहे.

आली की कोणी काही विचारणार नाही. पह्यलं दान तुझं.

तुले त्या सकाळी गाडीत बसवून देणारी,
तुझी याडी
मानीबाई