झऱ्याला विचारा

सॉल्टबुश वेल,
४ मार्च १९८४

चि. कोरलीस, थोरलीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र टपालाच्या ट्रकने आलं, तेही पिठाच्या पोत्याखाली दबून. झटकून झटकून वाचलं. अ‍ॅलिसमध्ये टोमॅटो महागलेत म्हणतेस. इथे टोमॅटो दिसलाच, तर आम्ही आधी त्याच्या पाया पडू.

इकडची बातमी अशी, की जज्जसाहेब ऑगस्टात येणार हे पक्कं झालं. कचेरीत नाही, इथेच झऱ्याजवळ ताडपत्रीखाली बसणार. गुरांच्या कंपनीने कुंपणाचे खांब आणून टाकलेच आहेत. झरा कुणाचा हे आम्हा आदिवासींच्या तोंडून ऐकून मग ठरवतील म्हणे. सांगायचं तुझ्या दाजीने, बार्नीने, कारण झरा कोणी कोणाला सोपवला हे पणजोबांपासून सांगणारा दुसरा कोणी उरलेला नाही. आणि ह्या बाबाचे पाय सुजून त्या खांबांएवढे झालेत. दवाखान्यातली सिस्टर म्हणते, मूत्रपिंडं गेली, अ‍ॅलिसला नेऊन यंत्रावर ठेवा. हा म्हणतो, एकदा तिकडे गेलो की तुम्ही मला यंत्राच्या दावणीला बांधाल, आधी जज्जाशी बोलतो, मग काय बांधायचं ते बांधा. मी भांडून भांडून थकले.

आपली वकीलबाई म्हणाली, त्या दिवशी सगळ्यांच्या अंगावर एकसारखं काहीतरी असावं, पेपरवाले फोटो काढतात. तू बायकांच्या केंद्रात कापडावर छापायला शिकलीस ना, मग टी-शर्टावर बार्नीचं तोंड छाप. खाली लिही, 'झऱ्याला विचारा'. पाणी कुणाचं म्हणून कंपनीच्या मॅनेजरने दरडावलं तेव्हा ह्याने हेच उत्तर दिलं होतं, आणि अजून स्वतःवर खूश आहे. लग्नातला फोटो पाठवत नाही, त्यात तो चोरासारखा दिसतो. गुरं हाकतानाचा पाठवते.

वेळेवर जेवत जा. आठवण काढत राहा, नाहीतर ट्रकमध्ये बसून येईन.

तुझी ताई,
मर्टल


अ‍ॅलिस,
२५ मार्च १९८४

ति. ताईस धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

शर्ट झाले. या ट्रकने पहिला गठ्ठा पाठवते आहे. नवे शर्ट परवडेनात, म्हणून चर्चच्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून उचलले. त्यामुळे पुढे दाजी आणि पाठीवर कुठे फुटबॉलचा संघ, कुठे बिअरची जाहिरात असं झालंय. बिअरवाला दाजींना देऊ नकोस, खरी बिअरच मागतील.

लाकडी चौकटीवर पडद्याची जाळी ताणून बसवली, खिळे मीच ठोकले. दाजींचा चेहरा कागदावर मोठा काढून पात्याने कोरला. डोळे कोरताना श्वास रोखून धरावा लागतो बाई, जरा हात हलला की माणूस चकणा. मग जाळीवर रंग ओतायचा आणि रबराची पट्टी एका दमात खाली ओढायची. पहिल्यांदा रंग पाझरून दाजींचं नाक वांग्याएवढं झालं. दुसऱ्या वेळी कागद सरकला. तिसऱ्या वेळी चौकट उचलली आणि ते थेट माझ्याकडे बघत होते. मी स्वयंपाकघरात एकटीच रडले, आता सांगायला हरकत नाही.

एक शर्ट घालून दुकानात गेले, तर लोक थांबवून विचारायला लागले. कॉलेजातली गोरी पोरं गठ्ठाच उचलून अ‍ॅडलेडला घेऊन गेली. निम्मं गाव दाजींना अंगावर घेऊन फिरतंय. पण ताई, त्यांना इकडे आण गं. शर्टापेक्षा माणूस हवा.

माया पातळ होऊ देऊ नकोस. दाजींना नमस्कार.

तुझी,
कोरली


सॉल्टबुश वेल,
१६ एप्रिल १९८४

चि. कोरलीस अनेक आशीर्वाद.

बार्नीने शर्ट बघितला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाला, नाक माझ्या सासऱ्याचं काढलंय. मग तोच घालून दिवसभर विस्तवाशी बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, दोघांत देखणा कोण. सगळे शर्टाकडे बोट दाखवायचे. राखेतली भाकरी खाताना सगळी राख स्वतःच्या तोंडावर सांडून घेतली.

पण खाणं कमीच. चार पावलं टाकली की बसतो. परवा म्हणाला, मी नाहीच पोचलो ऑगस्टापर्यंत, तर खुर्चीवर शर्ट बसवा. असं कोणी बोलतं का? गेलेल्या माणसाचं तोंड आपल्यात कधी कोणी दाखवलंय? मी हातातली पळी फेकून मारली. लागली नाही.

संध्याकाळी पोरांना झऱ्याच्या गोष्टी सांगत बसतो, पण खरी गोष्ट सांगत नाही. पुरुषांचा भाग पुरुषाने घ्यायचा, आणि घेणारे कोण, तर एकाला दारूचा नाद आणि दुसऱ्याला मोटारीचा. बायकांचा भाग माझ्याकडे आहे. त्याचा मी विचारणार नाही आणि तो सांगणार नाही. चाळीस वर्षांत विचारलं नाही ते आता काय विचारू?

मला भीती वाटते, कोरली. तुझ्याशिवाय कोणाला सांगणार?

तुझी ताई,
मर्टल


सॉल्टबुश वेल,
२० मे १९८४

चि. कोरलीस आशीर्वाद.

सिस्टरने रेडिओवरून तुला निरोप दिलाच असेल. गेलेल्याचं नाव घेऊ नकोस म्हणून मी तिला खुणेने बजावलं होतं. दुपारी चहा मागितला. चहा होईपर्यंत थांबला नाही.

तेव्हापासून मी बोलत नाही. आईने बाबांमागे केलं तेच करते आहे, तोंड बंद आणि सगळं हातांनी. वर्षभर तरी असंच. पत्र लिहू नये असं मात्र कोणी सांगितलेलं नाही. आजीला लिहिता येत नव्हतं, म्हणून तो नियमच झाला नाही. म्हणून तुझ्यापाशी बोलते.

केस कापले. घर सोडलं, आत पानांचा धूर फिरवला. मी आता ओढ्यापलीकडे विधवांच्या तळावर राहते. ट्रक चालवतो तो पुतण्या, त्याचं नाव तेच, म्हणून त्याला आता सगळे बिननाव्या म्हणतात. बिचारा हाकेला ओ द्यायला विसरतो.

आता शर्टांचं. ते सगळे परत घे, कोरली. इथले मी गोळा करून पत्र्याच्या डब्यात बंद केले. काल वकीलबाई आली ती तोच घालून. तिला कोण सांगणार? जीपमधून उतरली, आणि तो माझ्याकडे चालत आला, तिच्या पोटावरून हसत. मला ओरडताही येईना. मी वाळूत तोंड खुपसून पडून राहिले.

त्याला जायचंय गं. गल्लोगल्ली त्याचंच तोंड हिंडत असेल तर तो जाणार कसा? त्याला मोकळा कर.

तुझी ताई


अ‍ॅलिस,
१० जून १९८४

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

मी तुझ्याजवळ नाही याचं मला फार वाईट वाटतं. रोज उठून शर्ट मागत फिरते. आपल्या माणसांना सांगावं लागलंच नाही, ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी दारात आणून ठेवले. गोऱ्यांना समजावून सांगताना जीव जातो. दुकानासमोर एका म्हाताऱ्या गोऱ्याला गाठलं. त्याने ऐकून घेतलं, तिथेच भर रस्त्यात शर्ट काढून घडी घालून माझ्या हातात दिला आणि उघडाच घरी गेला. कॉलेजातली एक पोरगी मात्र म्हणाली, आम्ही त्यांचा मानच करतोय. तुमचा मान तुमच्याजवळ ठेवा, शर्ट द्या, म्हटलं. दिला. अ‍ॅडलेडचेही टपालाने परत येताहेत.

कोरलेला चेहरा जाळला. चौकट जाळायला हात होईना, भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे.

आता विचारू नये ते विचारते. वकीलबाई रडवेली झाली आहे. म्हणते, साक्षीदार गेला, चेहराही गेला, जज्जासमोर आता ठेवायचं काय? ताई, ते जातील कुठे? झऱ्याकडेच ना? आणि तिथेच कुंपण पडलं तर? एका दिवसापुरते शर्ट घालायची तू परवानगी देशील का? विधवेने हो म्हटलं तर चालतं, असं इथल्या म्हाताऱ्या म्हणतात. रागावलीस तरी चालेल, पण लिही.

अंतर देऊ नकोस.

तुझी,
कोरली


सॉल्टबुश वेल,
२ जुलै १९८४

चि. कोरलीस आशीर्वाद.

रागावले. दोन पत्रं लिहिली आणि चुलीत घातली. तुला मिशनच्या शाळेत शिकायला ठेवलं आणि शहाणपण मात्र वाटेतच सांडलंस, असं त्यात होतं.

मग तळावरच्या आम्ही सगळ्याजणी बसलो. इतकं भांडलो की मनगटं दुखली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, म्हाताऱ्या माश्या मारताहेत. शेवटी ठरलं ते असं. शर्ट घालायचे, पण उलटे, चेहरा आत आणि शिवण बाहेर. कोणाला दिसणार नाही, नुसता अंगाला लागेल. सगळे शर्ट घेऊन ये. कोणी सुलटा घातला तर मी स्वतः ओरबाडून काढीन.

साक्ष मी देईन. पुरुषांचा भाग त्याच्याबरोबर गेला, तो आता कोणालाच मिळणार नाही, जज्जालाही नाही. बायकांचा माझ्याजवळ आहे. मी हातांनी सांगेन, तू तोंडाने बोल. आईच्या खुणा विसरली असशील तर आतापासून आठव.

तुझी ताई


अ‍ॅलिस,
१९ ऑगस्ट १९८४

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. निघताना तू माझा हात धरून बसलीस, तो हात अजून गरम वाटतो. पण मला काही सुचत नाही, तुझ्या वतीने मी बोलले ते बरोबर बोलले का, हेच डोक्यात घोळतंय. म्हणून सगळं पुन्हा लिहिते, चुकलं असेल तिथे सांग.

आई झऱ्याकडे कशी आली, बायका कुठे बसायच्या, कोणतं पाणी कोणत्या मुलीला दाखवायचं, हे मी तुझे हात बघत बघत सांगितलं. तिथवर मला भरवसा आहे. मग जज्जसाहेबांनी विचारलं, झरा तुझ्या घरात कोणाकडून आला, त्याचं नाव नोंदीत हवं. तुझे हात थांबले. मी म्हटलं, नाव घेता येत नाही. कंपनीचा वकील हसला आणि म्हणाला, नाव नाही, चेहरा नाही, मग माणूस होता हे मानायचं कशावरून, आणि हे उलटे शर्ट म्हणजे निव्वळ नाटक आहे. तेव्हा तू मागे वळून सगळ्यांकडे हात केलास. मी म्हटलं, तो इथे बसलाय, यांच्या अंगाला लागून. दाखवणार नाही. बरोबर ना?

सगळ्यांच्या मानेवर ते धुवायच्या सूचनांचे तुकडे बाहेर लोंबत होते. जज्जसाहेबांनी चष्मा काढला, आणि कारकुनाला म्हणाले, नावाची जागा कोरी सोडा. मग तुझ्यामागून चालत झऱ्यावर गेले. निकाल पुढच्या वर्षी, तोवर खांब रोवायचे नाहीत, हे तू ऐकलंसच.

पण ताई, मधेच तू छातीवर हात फिरवायचीस, गळ्याखाली, पुन्हा पुन्हा. ती खूण मला कळली नाही. आईने शिकवली होती का? जज्जसाहेबही बघत होते. मी घाबरून ती सोडून दिली. त्यात काही मोठं असेल, आणि त्यापायी झरा गेला, तर मी कोणत्या तोंडाने तिकडे येऊ? लगेच लिही.

पदरात घे, चुकले असले तरी.

तुझी,
कोरली


सॉल्टबुश वेल,
२ सप्टेंबर १९८४

चि. कोरलीस थोरलीचे अनेक आशीर्वाद.

एक शब्द चुकला नाहीस. आई असती तर तिनेही मान हलवली असती.

छातीवरची ती खूण नव्हती, वेडे. शर्ट टोचत होता. तुझा रंग वाळून आत कडक झालाय, आणि उलटा घातल्यावर नेमका गळ्याखाली घासतो. त्याला दर रविवारी दाढी करायची सवय. शनिवार उजाडेपर्यंत हनुवटी अशीच व्हायची. जन्मभर मी त्याला ढकलत आले, दूर हो, टोचतंय म्हणत. जज्ज विचारत होते तो कोण, त्याचं नाव काय, आणि तो मला घासत बसला होता. मला हसू आलं. विधवेने हसायचं नसतं, म्हणून मी खाली बघितलं, आणि मग माझं मलाच कळेना की मी काय करतेय.

इतके दिवस मी रडले ते सगळ्यांबरोबर, रीतीप्रमाणे. त्या दिवशी झऱ्याकडे पुढे चालताना एकटी रडले. माझ्या मागे जज्ज होते, त्यांना दिसलं नसावं.

निकाल यायचा तेव्हा येईल. बाकीच्यांचे शर्ट पुन्हा डब्यात गेले. माझा अजून अंगावरच आहे. सगळ्याजणी नाकाला हात लावून खुणा करतात, आता धू बाई. धुते, धुते, अशी मी हाताने खूण करते आणि धूत नाही. धुतला की मऊ पडेल.

चहा संपलाय, पाठव. आणि अशीच माझी राहा.

तुझी ताई,
मर्टल