पाव इंच कॉर्क

प्रिय खारुताई,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. एरवी तुझे बूट चार दिवसांत हातावेगळे करणारा मी या वेळी एवढा का रेंगाळलो, म्हणून तू मला फोनवर दोनदा झापलंस आणि दोन्ही वेळा मी चामडं चांगलं मिळत नाही अशी थाप मारली. चामडं उत्तम होतं. तुझी मागणीही साधीच होती: उजवी टाच आणखी पाव इंच उचल, बालवाडीत दिवसभर त्या पोरांमागे धावलं की हल्ली गुडघा आणि कंबर रडायला लागतात. बूट झाले आहेत, सोबतच्या खोक्यात आहेत. पण खोकं उघडण्याआधी हे वाच. तू आधी खोकंच उघडणार हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी सांगायचं काम करतो.

आमच्या वर्कशॉपमध्ये गेल्या महिन्यात एक नवी फिजिओथेरपिस्ट आली. वयाने तुझ्याहून लहान, आवाज मात्र थेट मुख्याध्यापकांचा. तुम्ही बूट करणारे जन्मभर तळव्याकडे बघता, वरती काय चाललंय याचा तुम्हाला पत्ता नसतो, असं सुनावून तिने आम्हा सहा जणांची शनिवारी दुपारी शाळा घेतली. नमुना म्हणून कोण, तर मी. पँट गुडघ्यावर सरकवून टेबलावर पालथा झोपलो आणि तिने माझ्या पोटरीवर चामड्यावर खुणा करायच्या आमच्याच खडूने रेघा मारल्या. बाकीचे खिदळत होते. वरचा स्नायू दोन डोक्यांचा, तो गुडघ्याच्याही वर, मांडीच्या हाडापासून निघतो. त्याच्याखाली दुसरा चपटा, तो गुडघ्याच्या खालून. दोघं खाली येऊन एकाच जाड दोरीत मिसळतात आणि ती दोरी टाचेच्या हाडाला घट्ट बसते. चवड्यावर उभं राहणं, जिना चढणं, पळणं, सगळं याच जोडगोळीच्या जिवावर. वर पुन्हा पावलागणिक पायातलं रक्त हृदयाकडे ढकलायचं कामही यांच्याच गळ्यात. सव्वीस वर्षं मी पायांचं खातोय आणि हे मला कुणी नीट दाखवलं नव्हतं.

मग तिने सांगितलं की स्नायू जितक्या लांबीत ठेवाल, हळूहळू तितकाच होऊन बसतो. टाच सतत उचललेली असली की पोटरी आखडते, मग आखडली म्हणून टाच आणखी उचलावी लागते. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर येत नाही आणि वाकवल्यावर येतं, तर दोष वरच्या स्नायूचा. माझे कान टेबलावर पडल्यापडल्या तापले. तुझं पाऊल अगदी असंच करतं, हे मला तुझ्या दहाव्या वर्षापासून माहीत आहे.

तू नऊ वर्षांची होतीस. भिंतीवरून उडी मारून नडगीची दोन्ही हाडं मोडून घेतलीस आणि वर मलाच सांगितलंस की भिंत मध्ये आली. तीन महिने मांडीपर्यंत प्लास्टर, पाऊल खाली झुकलेलं. ते काढलं तेव्हा पाय काडीसारखा होता आणि टाच जमिनीला लागेना. आई दोन पाळ्यांत काम करायची, म्हणून तुला दवाखान्यात न्यायचं काम माझं. मी नुकताच वर्कशॉपला लागलो होतो. तिथल्या मास्तरांच्या नजरेखाली तुझ्या उजव्या टाचेखाली अर्धा इंच कॉर्क बसवला, तोल जाऊ नये म्हणून डाव्या बुटाचा सोल जाड केला, आणि तू त्याच दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत पळालीस. आई रडली. मला वाटलं, मी देवच झालो. तेव्हापासून तुझे सगळे बूट मीच केले, शाळेचे, कॉलेजचे, लग्नातले पांढरे सुद्धा. तू लोकांना अभिमानाने सांगतेस की माझा दादा आहे म्हणून मी चालते. परवा बालवाडीच्या संमेलनात माइकवरून सांगितलंस म्हणे. तो व्हिडिओ मी अजून पूर्ण पाहिलेला नाही.

व्यायाम आठवतो का तुला? चादरीची घडी चवड्याला अडकवायची, गुडघा सरळ ठेवायचा आणि मी शंभर मोजेपर्यंत पाऊल आपल्याकडे ओढायचं. तू तिसाला रडायला लागायचीस. पुढे पुढे मीच तीस झाले की शंभर म्हणायला लागलो. तू डोळे पुसून मला गणित येत नाही म्हणून चिडवायचीस आणि मला बरं वाटायचं.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते. त्या वेळच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, दर दोन महिन्यांनी कॉर्क पाव इंच कमी करा, व्यायाम चालू ठेवा, सहा महिन्यांत टाच टेकेल. चिठ्ठी माझ्या हातात होती. मी एकदाच कॉर्क कमी केला. तू दोन दिवस भिंत धरून चाललीस, जेवली नाहीस, माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी मी कॉर्क परत चिकटवला, वर थोडा जास्तच, आणि आईला सांगितलं की डॉक्टर म्हणाले, पाय एवढाच राहणार. तुझा पाय एवढाच राहणार असं डॉक्टर कधीच म्हणाले नव्हते, खारू. ते मी म्हणालो, कारण तुझं रडणं मला सोसत नव्हतं. आज तो कॉर्क दीड इंचावर आलाय. मी तुझे मोजमापाचे कागद फिजिओथेरपिस्टपुढे ठेवले आणि सगळं कबूल केलं. ती म्हणाली, पूर्वीसारखा होईल असं वचन देत नाही, कदाचित ऑपरेशनही लागेल, पण पाय बघितल्याशिवाय काही बोलणार नाही. खोक्यातली उजवी टाच पाव इंच उंच नाही, पाव इंच कमी आहे. न सांगता पाठवावी असं तीन आठवडे मनात घोळत होतं, पण एकदा तुझ्या पायाबद्दल तुझ्या पाठीमागे ठरवलं तेवढं पुरे झालं. बूट घालायचे की माझ्या तोंडावर फेकायचे, ते तू ठरव. फेकायचे असतील तर स्वतः ये. सोमवारी सकाळी दहाची तिची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. तू रडशील तेव्हा मी शेजारी बसेन आणि या वेळी शंभर पूर्ण मोजेन.

तू रागावलीस तरी तुझाच,
दादा