चपला घालून उभी राहा

आई, आज एक गाडी नाकासमोर सरळ गेली आणि मी भर रस्त्यात उभी राहून शिट्टी मारली. दोन बोटं तोंडात घालून, तुला अजिबात आवडायची नाही तशी. आंबिवलीच्या अलीकडे, जिथे मी तीन महिन्यांपूर्वी गॅरेज काढलंय, तिथे मागच्या बाजूला एक रिकामा सरळ रस्ता आहे. एक म्हातारबाबा बकऱ्या घेऊन चाललेले, ते दचकले. बकऱ्याही दचकल्या. मला काही वाटलं नाही. तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा असं झालं, की तुला हाक मारून सांगावं. म्हणून बसलेय लिहायला.

आधी गॅरेजचं सांगते. एक गाळा, एक जॅक, माझी हत्यारं आणि बाहेर पाटी. लोक येतात, मला बघतात आणि विचारतात, "शेठ कुठे आहेत?" मी म्हणते, मीच शेठ. मग त्यांना अचानक घरचं काम आठवतं. मोठ्या गॅरेजमध्ये भिंतीएवढा स्क्रीन असतो, माझ्याकडे चाकाला चिकटवायचं हाताएवढं गेज. मी मनाशी ठरवलेलं, हा महिना बघायचा, नाहीतर शटर ओढायचं आणि परत शोरूममध्ये नोकरीला जायचं, जिथे मला दहा वर्षं गाडीला हात लावू देण्याऐवजी गिऱ्हाइकाला चहा विचारायला बसवलं होतं. जीव नुसता टांगणीला लागलेला. आणि अशात गेल्या सोमवारी एक दादा आले. इथल्याच गावचे, जुने जमीनवाले, धिप्पाड, गळ्यात जाड चेन. गाडी लालभडक आणि जमिनीला टेकेल इतकी खाली केलेली. "पोरी, माझी गारी डावीकरं खेचते," म्हणाले. "तीन ठिकानी नेली. तिगं बी सांगतान, मनाचा खेल हाय. आमच्या गावात आशा सात गाऱ्या हायत. माझी सरल केलीस तर सगल्या तुझ्याकरं. नाय केलीस तर नाव घेयाचा नाय कोन तुझा." झालं! म्हणजे शटर वर राहणार की खाली, ते या एका गाडीवर आलं.

तुला कळेल असं सांगते. चाक समोरून बघितलं की ते अगदी उभं नसतं, वरून थोडं आत नाहीतर बाहेर कललेलं असतं. त्याला कॅम्बर म्हणतात. तू ब्लाउज बेतताना खांद्याचा उतार बघायचीस ना, तसाच हा चाकाचा उतार. गाडी खाली केली की चाकं वरून आत कलतात, टायरची आतली कड खाऊन जाते, आणि दोन बाजूंचा उतार वेगळा झाला की गाडी एका अंगाला ओढते. तो बदलायचा तर बॉनेट उघडून शॉकरच्या डोक्यावरचे बोल्ट सैल करायचे आणि शॉकर केसभर आत-बाहेर सरकवायचा. मी सगळं रीतसर केलं. गवंड्याची पाण्याची नळी आणून जमीन लेव्हलला आहे का ते बघितलं, दोन चाकांखाली लादीचे तुकडे सरकवले. ही सवय कुठून आली ते तुला माहीतच आहे. डोंबिवलीच्या आपल्या खोलीत सगळी जमीन मोरीकडे उतरती होती, आणि तू रिकामी बॉबिन ठेवून ठेवून एकच लादी शोधली होतीस जिच्यावरून ती गडगडत नव्हती. गिऱ्हाईक उभं राहायचं ते त्याच लादीवर. दोन्ही चाकं मी अगदी सारखी केली, स्वतः चालवून आणली. सरळ! दादा खूश होऊन घेऊन गेले, आणि तासाभरात परत. "त्याच हाय. डावीकरंच जाते."

मी परत चालवली. सरळ. मग ते चालवतात, तर डावीकडे. आज तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा माझं डोकं फिरलं. "दादा, तुम्हाला भास होतोय," हे शब्द अगदी ओठांवर आलेले, तुझी शपथ. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पण तेवढ्यात ते परत गाडीत बसायला गेले आणि मी सहज चाकाकडे बघत होते. त्यांनी एक हात टपावर ठेवला, पाय आत घातला, बसले. आणि उजवीकडे चाकावर जी दोन बोटं फट होती ती गायब. डावीकडची जशीच्या तशी. मी तिथेच उकिडवी बसले. कानात तुझा आवाज, स्पष्ट. "चपला घालून उभी राहा."

मी तेव्हा चौदा वर्षांची. शेजारच्या बिल्डिंगमधली ताई बहिणीच्या हळदीसाठी घागरा शिवायला टाकते, आणि तू म्हणतेस, आज घेर तू मार्क कर. मी फुशारले. ताई दारात सँडल काढून आत आली, सगळेच येतात तशी, लादीवर उभी राहिली, आणि मी पट्टी जमिनीला टेकवून खडूने सुरेख गोल खूण केली. हळदीच्या आदल्या दिवशी ती उंच टाचांचे सँडल घालून बघते तर घागरा घोट्याच्या वर, पाण्यातून चालल्यासारखा. मला वाटलं आता तू मला तिच्यासमोर सोलणार. तू म्हणालीस, "चूक माझी आहे, संध्याकाळपर्यंत देते." ती गेल्यावर मात्र सोललंस. "माणूस बाहेर जसं उभं राहणार तसं मोजायचं गं! माझ्या लादीवर अनवाणी कसं दिसतं, त्याला कोण विचारतंय?" मग माझ्याकडूनच खाली काठ जोडून घेतलास. त्या दिवसापासून आपल्या घरात लोक चपला घालून आत यायला लागले. तू लादीवर वर्तमानपत्र पसरायचीस आणि म्हणायचीस, "चपला घालून उभी राहा." चाळीतल्या बायका कुजबुजायच्या, देवघर समोर आणि चपला आत! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तू ढिम्म.

तर मी दादांना म्हटलं, गाडी तुमच्यासकट मोजायची आहे. वजनाचं मी बोलले नाही. तू जाड बायकांचं माप घेताना आकडा कधी मोठ्याने वाचला नाहीस, टेप मुठीत धरून गुपचूप लिहायचीस, ते मला आठवत होतं. दादा खदाखदा हसले. "एकशे बारा किलो हाय मी, सगल्या गावाला म्हाईत हाय. तिगं बी माझ्या पोटाकरं बघत व्हते, पन बोलला कोन नाय!" मग आमची वरात सुरू झाली. ते बसणार, मी गेज लावून उतार बघणार. ते उतरणार, मी गाडी जॅकवर घेऊन बोल्ट सैल करणार, सरकवणार, खाली उतरवणार. ते बसून गाडी पुढे-मागे करणार, मी परत बघणार. नऊ वेळा उतरले, नऊ वेळा बसले बिचारे. दहाव्यांदा मी ओरडले, "हलू नका!" आणि एकशे बारा किलोचा माणूस श्वास रोखून बसला. दोन्ही चाकं सारखी, त्यांच्यासकट.

मी शेजारी बसले नाही. बसले असते तर माझंच वजन डाव्या बाजूला पडलं असतं. रस्त्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले. ते समोरून आले, हळू, आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून समोरच्या काचेतून मला दाखवले. गाडी रेषेत! बाकीचं तुला सांगितलंच, शिट्टी आणि बकऱ्या. उद्या त्यांच्या गावातली दुसरी गाडी येतेय, परवा तिसरी. पाटी आता उतरत नाही, आई. जिंकले मी! "खय शिकलीस ह्या?" दादांनी विचारलं. आजवर मी छाती पुढे काढून सांगायचे, ठाण्याला डिप्लोमा केलाय. आज म्हटलं, "आईकडे." ते म्हणाले, "आई गॅरेजवाली व्हती?" मी म्हटलं, "नाही, शिवणकाम करायची." त्यांनी मान डोलावली, जणू त्यात काही विशेष नाही.

आता एक सांगायचं राहिलंच. कॉलेजात वर्कशॉपला घालायची पूर्ण बाह्यांची डांगरी माझ्या मापाची मिळेना, सगळ्या पुरुषांच्या, तेव्हा तू निळं जाड कापड आणून मला शिवून दिलीस. माप घेताना मला उभं केलंच नाहीस. "बस. वाक. आता आडवी हो, गाडीखाली झोपतेस तशी." मी वैतागून लादीवर आडवी झाले आणि तू गुडघ्यांवर बसून माझ्या काखेपासून टेप लावलास. वर्षभराने मी तुला सांगितलं, जॅकमध्ये अडकून कोपराला फाटली, टाकून दिली. तू म्हणालीस, आणायचीस ना, ठिगळ लावून दिलं असतं. तू गेल्यावर मशीनच्या खणात त्याच निळ्या कापडाचे दोन गोल तुकडे सापडले, कोपराच्या मापाचे, कडा दुमडून टाचलेले. हे पत्र तिथेच ठेवणारेय, त्या तुकड्यांखाली. डांगरी फाटली नव्हती, आई. कॉलरच्या कडेला तू लाल पायपीन लावली होतीस, मुलं हसली, आणि मी ती ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत बाकावर सोडून बसमध्ये चढले.