टाकीवरचा हळदीचा पंजा

७ मार्च ८८
शिंदखेड्याच्या कापूस जिनिंगची टाकी आज जुना रंग आणि गंज निघून पुरती उघडी झाली. एका टाकीचा खरा खर्च असा: तारेचे ब्रश अकरा, सगळे बोडके. रॉकेल दोन डबे. पॉलिश पेपर मोजायचं सोडलं. माझा गडी रफिक, त्याच्या चष्म्याची एक काच, माझ्या उजव्या कोपराची साल, आणि नऊ दिवस. रंगाचा डबा अजून उघडलेला नाही. लोक डब्याचं मोल विचारतात. खरं काम डबा उघडायच्या आधीच संपलेलं असतं, ते कुणाला दिसत नाही.
हातोडीनं सबंध टाकी वाजवून पाहिली. चांगला पत्रा खणखणतो, गंजानं खाल्लेला बोदा बोलतो. दोन जागा बोद्या निघाल्या, तिथं ठिगळं मारून घेतली. बाकी टाकी म्हणजे देवळातली घंटा.
रफिक म्हणतो, "भाऊ, तुमचे कान गहाण ठेवले तर बँक कर्ज देईल."

८ मार्च
उघड्या पत्र्यावर लगेच प्रायमर गेला पाहिजे. उन्हं चढायच्या आत सुरू करणार, तोच जिनिंगवाल्या आबांच्या आई, अक्का, काठी टेकत ओट्यावर आल्या. हातात हळदीची वाटी.
"थांब रे भाऊ. पहिले हळद, मंग तुना रंग."
म्हटलं, अक्का, ही टाकी आहे.
"नवरीले बी हळद लावतस, मंग साडी नेसाडतस. लोखंडले काय अंग नही का?"
अक्कांनीच मग वाटीत हात बुडवला आणि पाची बोटं पत्र्यावर दाबली. छातीएवढ्या उंचीवर, पूर्वेच्या अंगाला. ओघळ खाली.
रफिक कानाशी, "पुसून घ्या भाऊ. पाणी, घाम, हळद. तिन्ही पत्र्याचे दुश्मन." खरं होतं. एक फडकं आणि दोन मिनिटांचं काम. पण म्हातारी तिथंच उभी, स्वतःच्या हाताकडे बघत. फडकं उचलवेना. वर सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलून गेलो, "अक्का, माझ्या प्रायमरखाली समुद्र ठेवला तरी पाच वर्षं वर यायचा नाही!"
अक्का हसल्या. "पाच वरीस मी तरी ऱ्हासू का रे?"
पंजावरूनच ब्रश फिरवला.

१५ मार्च
चांदी रंगाचा दुसरा कोट संपला. दोंडाईच्याच्या रस्त्यानं एस.टी. जाते तिच्यातली माणसं माना वळवून बघतात. मी मुद्दाम फाट्यावर चहा पीत बसलो, माना मोजायला. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून सुरुवात केली, मग ट्रकचे नंबर, मग दुकानांच्या पाट्या. आता जिनिंगची आगीच्या पाण्याची टाकी. कापसाच्या गंजीला ठिणगी लागली तर सगळ्या गावाला हिचाच आधार.
आबांनी शाल-नारळ दिला. घरी शाल दाखवली तर ही म्हणते, उन्हाळ्यात कसली शाल. असो.

२ जून
साक्रीकडच्या साखर कारखान्यात जाऊन आलो. मळीच्या चार टाक्या, एकेक दोन मजली. तिथले इंजिनिअर साहेब तरुण, सरळ माणूस.
"शिक्षण किती?"
"सातवी नापास. पण पत्रा माझ्याशी बोलतो साहेब."
"बोलू द्या. मला पावसाळा काढलेलं एखादं काम दाखवा."
चार टाक्या म्हणजे दोन वर्षांचं काम. दर पावसाळ्यात रफिक सोडून बाकीचे सहा जण मालेगावला मजुरीला पळतात, निम्मे परत येत नाहीत. यंदा रफिकचाही पाय निघालाय. हे काम मिळालं तर गडी टिकतील. दाखवायला शिंदखेड्यासारखी टाकी दुसरी कुठली?

२१ ऑगस्ट
अक्का गेल्या. झोपेतच. आबांच्या दारावर बसून आलो. झड लागलेली. टाकी फाटकातूनच पाहिली. झकास.

१६ ऑक्टो.
आबांचा निरोप, लगेच या. गेलो.
चांदी रंगावर तपकिरी पंजा उमटलाय. पाची बोटं, तळवा, अंगठ्याशेजारचा ओघळसुद्धा. रंग फुगून वर आलेला. त्याच्यासमोर आबा, पायांत वहाण नाही.
मी, "आबा, लाज वाटते. अर्ध्या दिवसाचं काम, खरवडून नवा..."
"खरवडायचा नाही."
"गंज आहे तो आबा."
"गंज आहे, कळतं मला. जिनिंग चालवतो मी. पण आईचा एक फोटो नाही घरात. आयुष्यात कधी कॅमेऱ्यापुढं बसली नाही. भाऊ, हा तिचा हात आहे."
"पत्रा खाईल तो."
"पाच वर्षं कोण म्हणालं होतं? मग आता हा पंजा पाच वर्षं टिकवा. आणि टाकीही गळायला नको."
परत येताना रफिक शिंदखेड्यापासून धुळ्यापर्यंत हसत होता. "जिंदगीभर गंज काढला भाऊ, आता गंजाला जपायचं!" मला हसू येईना. इंजिनिअर साहेब दिवाळीनंतर येणार, आणि टाकीच्या छातीवर पंजा.

२९ ऑक्टो.
रात्रभर विचार करून तोड काढली. टाकी रिकामी केली. पंजाच्या मागे आतल्या बाजूनं दोन बाय दोन फुटांचा जाड पत्रा, चारी कडांनी वेल्डिंग. बाहेरचं आता गंजून चाळणी झालं तरी पाणी आतल्या पत्र्यावर थांबेल. पंजावर पातळ वॉर्निशचे तीन कोट, कडेकडेनं दाबून. वेल्डिंगच्या आचेनं बाहेर चौकोनी रेघ करपली. ती घासून पुन्हा रंगवली, तर नवा रंग जरा उजळ आला. आता पंजाभोवती तसबिरीची चौकट दिसते. हे ठरवून केलं नव्हतं, पण कुणाला सांगणार नाही.
आबा येऊन बघून गेले. जाताना एवढंच, "आईले आवडलं असतं."
असलं काम खानदेशात दुसरा कोणी करून दाखवावा.

३ नोव्हें.
साहेबांना पत्र टाकलं. 'टाकीवर एक पंजा दिसेल. तो मालकाच्या इच्छेनं ठेवला आहे. उघड्या पत्र्यावर हळदीचा हात लागला, त्यात माझ्या कामाचा दोष नाही. तेवढा सोडून सबंध टाकीवर राईएवढा गंज दाखवा, चारही टाक्यांची मजुरी सोडतो.' रफिकला वाचून दाखवलं. म्हणाला, शेवटचं वाक्य खोडा. नाही खोडलं. मालेगावला जाऊ नको म्हणून सांगितलं त्याला, काम आलंच समज. त्यानं जायला बांधलेली पिशवी पुन्हा सोडली.

१६ नोव्हें.
साहेब उद्या सकाळी दहाला येतायत. दुपारी धूळ पुसायला दोघं गेलो. टाकी सगळीकडून वाजवली, खणखणीत. पंजाच्या जागीसुद्धा. शेवटी उत्तरेकडे, लोखंडी शिडीमागे फडकं मारलं. बोट अडलं. चार आण्याएवढा फुगवटा. नखानं दाबला तर तपकिरी पाणी. हातोडी तिथं पोचत नाही, म्हणून मार्चमध्येही वाजवलं नव्हतं. घासलंही किती, आता आठवत नाही.
रफिकनं पाहिलं. पॉलिश पेपर काढून हातात धरला. "घासू? रात्रीत वाळेल. का साहेबांना दाखवायचा?"
पत्रात दोष हळदीवर टाकलाय.
शिडीमागे कुणीही हळदीचा हात लावला नव्हता.