पिंपाला हात लावायचा नाही

१२ नोव्हेंबर
ठरलं! फेब्रुवारीच्या जत्रेत चौकात फोडायचं पिवळ्या वाइनचं पिंप यंदा आमच्या मळ्याचं. आजोबांनंतर प्रथमच. शेजारचा गास्तों म्हणाला, "आन्सेल्म, आधी चाखून तरी बघ." जळतो मेला. तीनशे वर्षं आमची पद्धत एकच : पिंप भरायचं, बूच ठोकायचं, सहा वर्षं हात लावायचा नाही. वाइन आटते, वर यीस्टची साय धरते, बाकीचं साय बघते. आम्ही काही करत नाही. फार कष्टाचं काम आहे.
संकल्प : रागवायचं नाही. रागाने पाय आपटले जातात, साय मोडते.

१५ नोव्हेंबर
रागावलो. लेक ओदिल म्हणते, सगळे जण अधूनमधून प्रत्येक पिंपातली थोडी वाइन काढून तपासतात, आंबट झालेलं पिंप बाजूला करतात. सगळे म्हणजे कोण? ज्यांचा स्वतःच्या सायीवर विश्वास नाही ते. तिला पिंपांना छोट्या तोट्या बसवायच्या आहेत. म्हटलं, आधी माझ्या पोटाला बसव.

३ डिसेंबर, सकाळ
ओदिल तळघरातून डोळे पुसत वर आली. मलाही भरून आलं. पोरीला पूर्वज भेटले.

दुपार
म्हणे वासाने डोळ्यांत पाणी आलं! कडाक्याचं भांडण. तिने पैज लावली : "चौकात वाइन आंबलेली निघाली तर तळघराची किल्ली माझी. पुढची वाइन मी करणार." टेबलावर मूठ आपटून हो म्हटलं. मूठ दुखतेय.

२४ डिसेंबर
चर्चच्या घंटेने तळघर हादरतं. पाद्रीबुवांना सांगितलं, यंदा जरा हळू वाजवा. म्हणाले, "बाळ जन्मलंय आन्सेल्म, कुजबुजून कसं सांगू?" धर्म बुडाला.

१८ जानेवारी
पिंप निवडलं. कोपऱ्यातलं, सगळ्यांत करारी वासाचं. गास्तों दारातच शिंकला. दाद द्यायची एकेकाची पद्धत. ओदिल गयावया करत होती, "बाबा, निदान दुसरं तरी घ्या!" दुसरी सगळी मिळमिळीत. नुसता अक्रोडाचा वास.
"अहो, अक्रोडाचाच वास यायला हवा!" म्हणाली.
आता ही मला शिकवणार. दार आपटलं. सायीची मनात माफी मागितली.

१ फेब्रुवारी
माझं भाषण उत्तम झालं. 'संयम' शब्दावर टाळ्या. मोगरीने तोटी ठोकली. पहिला पेला पाद्रीबुवांना. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, प्रार्थना. उघडेचनात.
गास्तोंने घोट घेतला आणि बोंबलला, "अरे, काकड्या आणा रे कोणी! व्हिनेगरमध्ये मुरवायची सोय झाली!"
अख्खा चौक हसला. दोष बँडवाल्यांचा. शेजारी उभं राहून ढोल बडवत होते. ओदिलने मला न विचारता घरून एक मिळमिळीत पिंप आणवलं. लोक ते संध्याकाळपर्यंत पीत होते, वर माझं अभिनंदन करत होते. संताप संताप झाला.

२ फेब्रुवारी
किल्ली दिली. म्हणजे फेकली. तिने झेलली.
दुपारपर्यंत तिने उरलेली पिंपं तपासली. बहुतेक उत्तम. म्हटलं, बघ, म्हणजे पद्धत बरोबरच होती. म्हणाली, "हो बाबा. जेवायला बसा, गार होतंय."
सोबत सॅलड होतं. त्यावर काय शिंपडलंय, मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.
दुसऱ्यांदा वाढून घेतलं.