खालच्या मजल्यावर गेलेला ड्रमसेट

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा एकहाती नमस्कार. (दुसरा हात गळ्यातल्या झोळीत आहे. तो तिथे कोणी अडकवला हे तुला ठाऊक आहे.) तुझी तब्येत बरी असेल. भाऊजींचीही असणारच. दुसऱ्यांचे हातपाय बांधून ठेवणारी माणसं स्वतः नेहमी ठणठणीत असतात.

पत्र रागात लिहितोय आणि राग तुझ्या नवऱ्यावर आहे. हाडांचा डॉक्टर झाला म्हणून काय झालं, मेव्हण्याचा खांदा तपासताना चेहरा जरा तरी पाडावा. यांनी एक्स-रे उजेडाला धरला, ‘ड्रम बंद, कायमचे’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी दिवसभर मान मोडून लोकांच्या कवळ्या घडवतो, घासतो, चकचकीत करतो. खांदा त्याने गेला असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. दिवसातला ड्रमवरचा जो एक तास माझा होता, नेमका तोच त्यांना नडला. (कवळ्या चालू ठेवायला हरकत नाही म्हणे. मोठे उपकार झाले.)

मग हिने ड्रमच्या विक्रीची जाहिरात दिली. तेव्हा हिच्या चेहऱ्यावर जो तजेला होता तो मी लग्नातही पाहिला नव्हता. पहिलंच जोडपं आलं ते मोजपट्टी घेऊन. मोठ्या ढोलावर काच बसवून त्याचं चहाचं टेबल करायचं होतं त्यांना. मी त्यांना दार दाखवलं, त्यावर ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दुसरा आला त्याने झांजेवर नखाने टिचकी मारली आणि ‘तडा आहे का?’ असं विचारलं. त्यालाही घालवला. माझ्या वस्तू कुणी अशा हाताळल्या की अंगाचा तिळपापड होतो.

शेवटी खालचे झाडूराव आले. मी काड्या हातात घेतल्या रे घेतल्या की झाडूच्या दांड्याने छत ठोकणारे ते हेच. गेली कित्येक वर्षं आमचं एवढंच बोलणं. त्यांनी सांगितलेले पैसे मोजले आणि हमाल लावून सगळा संच खाली नेला. मला वाटलं, हा माणूस आता ड्रम कुलपात कोंडून सुखाने झोपणार. ढोल जिन्यावरून खाली जाताना मी कठड्याला टेकून डोळे मिटून घेतले, ताई. हिला वाटलं खांदा दुखतोय. मी तसंच वाटू दिलं.

आणि दुसऱ्याच संध्याकाळी खालून वाजायला लागलं. माझ्याच ड्रमवर, तेही रखडत, प्रत्येक ठोका उशिरा. किती सहन करणार? मी फरशीवर टाच आपटून ठेका दिला. तसे झाडूराव वर आले आणि दारातच मला म्हणाले, “आता कळलं? तुम्ही ठेका लय पळवायचात. मी खालून झाडूने धरून ठेवायचो. तुम्ही एकदा ऐकाल तर शपथ.”

इतकी वर्षं हा माणूस मला ठेका देत होता आणि मी त्याला शिव्या घालत होतो, असं त्याचं म्हणणं. मी ठेका पळवतो म्हणणारा हा कोण? रागाने माझा दुसराही खांदा दुखायला लागलाय. भाऊजींना कळव, त्यांचा धंदा वाढला.

तुझा,
कामातून गेलेला धाकटा

ता. क. झाडूराव रखडतात त्याला कारण आहे. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत, पायाने वाजवायचा ढोल त्यांना झेपत नाही. तेव्हा काल असं ठरलं, की हात त्यांचे आणि पाय माझा. मी फक्त शेजारी स्टुलावर बसायचं. हिला सांगितलंय की खाली वर्तमानपत्र वाचायला जातो.

पुन्हा ता. क. जेवताना भाऊजींना सहज विचार, की खांदा धरलेल्या माणसाने बसल्या जागी उजवा पाय हलवला तर चालतं का. ‘चालतं’ म्हणाले तर लगेच कळव. ‘नाही’ म्हणाले तर उगाच पत्र लिहायची तसदी घेऊ नकोस.