मदरबोर्डवरच्या अक्षता

बाबूजी, मी कॉम्प्युटर विकत घेतला नाही, जोडला. एकेक भाग निवडून, पेचकस स्वतःच्या हातात धरून, फुलचूरच्या घरात जेवणाच्या टेबलावर. तुमच्या काळात ही वस्तू बँकेच्या काचेमागे असायची, तेव्हा एवढंच समजा की काम मोटर बांधण्यासारखंच आहे. फक्त भाग नखाएवढे, आणि चूक झाली तर यंत्र धूरही न काढता मरतं. हे मी कौतुकासाठी सांगत नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही असताना ते जमलं नाही, कारण शेवटचा शब्द नेहमी तुमचा असायचा. आता माझा आहे.

तुमचं मोटर बांधायचं दुकान अजून समोर दिसतं. राइस मिलवाल्यांच्या जळक्या मोटरी दारात पडलेल्या, आत त्यांच्यावर नव्यानं गुंडाळायची तांब्याची तार आणि वार्निशचा तो डोक्यात जाणारा वास. मी कॉन्व्हेंटच्या गणवेशातच यायचे आणि तुम्ही बाहेरून आलेल्या यंत्रांची इंग्रजी पुस्तकं माझ्यापुढे टाकायचे. मी स्टुलावर बसून वाचते आहे, मराठीत सांगते आहे, आणि धाकटा भाऊ तुमच्याजवळ उकिडवा बसून पेच फिरवतो आहे. एकदा त्यानं जोड उलटा लावला. आकृती माझ्या मांडीवर होती, चूक मला दिसत होती. मी खाली उतरून हात घातला तर तुम्ही मनगटावर चापट मारली. "काऊन हात लावून राहिली? तू वाच. तो करते." त्या दिवाळीला त्याला पेचकसांचा डबा मिळाला आणि मला इंग्रजी शब्दकोश. शब्दकोश उत्तम होता, आयुष्यभर पुरला, मी त्यावर नोकरी केली. पण यंत्र काय म्हणतं ते जिला कळतं तिनं यंत्राला हात लावायचा नाही, हा कुठला न्याय? सिस्टरांनी आम्हाला प्रश्न विचारायला शिकवलं होतं. हा प्रश्न विचारायचा राहून गेला.

आता मुद्द्यावर येते. अर्जुनी मोरगावच्या शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले. तुमचे जावई गेल्यापासून या घरात एकटी राहते. खेड्यांतल्या शाळांसाठी इंग्रजी उच्चारांचे व्हिडिओ बनवते. मुलगा पुण्याला असतो. त्यानं दिलेला जुना लॅपटॉप व्हिडिओ जोडायला घेतला की गोठून बसायचा. नवीन मागितला तर म्हणाला, इकडेच ये ना आता, इकडे सगळं आहे. एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण त्यानं मला न विचारता माझ्या घराला भाडेकरू बघून ठेवला होता. मी चिडले. तोही चिडला. "आई, तुला साधा गॅसचा रेग्युलेटर बदलायला शेजारचा माणूस लागतो. एकटी कशी राहशील?" माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "कॉम्प्युटर सुटे भाग आणून स्वतः जोडून दाखवते. सुरू झाला तर भाडेकरूचा विषय परत काढायचा नाही. नाही झाला तर किल्ली त्याच्या हातात देते आणि गाडीत बसते." तो हसून म्हणाला, "चालेल." आणि मग मला शब्द परत घेता येईना. तुमचीच मुलगी. म्हणजे टेबलावर जे पसरलं होतं ते नुसतं सामान नव्हतं, माझं घर होतं.

भाग घ्यायला गोंदियाच्या बाजारात भावाच्या स्कूटरवर गेले. तीच चूक झाली. दुकानदार शेवटपर्यंत त्याच्याशीच बोलत राहिला. "भाईसाब, माताजी को करना क्या है? भजन-वजन देखना है?" मी म्हटलं, "भजन के लिए मेरा गला काफी है. प्रोसेसर दिखाइए." त्यानं प्रोसेसर राहू दिला आणि रंगीबेरंगी दिव्यांची कॅबिनेट पुढे केली. "ये ले लो भाईसाब, पावर सप्लाई साथ में फ्री." तुम्ही मोटरीच्या रंगाकडे कधी बघितलं नाही, आधी तार आणि बेअरिंग बघायचे. आमच्याकडे वीज कशी येते-जाते हे त्या दुकानदाराला माहीत नव्हतं थोडंच! "जो फ्री है, वही सबसे पहले जलेगा," मी म्हटलं, "और अपने साथ बाकी सब जलाएगा." साधी काळी कॅबिनेट घेतली आणि पावर सप्लाई वेगळी, चांगल्यातली. प्रोसेसर असा घेतला की चित्र दाखवायला निराळं कार्ड लागू नये. मदरबोर्ड त्या प्रोसेसरला बसणाराच आहे ना, हे त्याच्या तोंडावर विश्वास न ठेवता खोक्यावरचं वाचून ठरवलं. रॅम भरपूर घेतली, व्हिडिओला तीच लागते. शेवटी दुकानदार भावाच्या कानाशी म्हणाला, "टीचर थीं क्या?" भाऊ उसासा टाकून म्हणाला, "अब भी हैं."

रविवारी दुपारी जोडायला बसले. मुलगा फोनवर, व्हिडिओ चालू, फोन लोणच्याच्या बरणीला टेकवलेला. मदरबोर्डवर प्रोसेसर बसायची एक चौकोनी जागा असते. तिच्यात केसाहून बारीक पिना उभ्या असतात, भाताच्या पऱ्ह्यातल्या रोपांसारख्या दाट. एक जरी वाकली तर बोर्ड कचऱ्यात, आणि कंपनी अशा वेळी ओळख दाखवत नाही. मी वरचं झाकण काढलं, प्रोसेसर चिमटीत धरला, तेवढ्यात भाऊ आला. हातात ताट. ताटात नारळ, उदबत्ती, ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता.

"थांब ना वो बाई, आधी पूजा कर. बाबूजी बिना पूजेचा करंट देत होते का?"

"कॅबिनेटची कर. इकडे येऊ नकोस."

"कॅबिनेट म्हंजे डबा हाय. मशीन तं हे हाय ना?"

आणि त्यानं अक्षता वाहिल्या. तुम्ही बांधून झालेल्या मोटरीवर वाहायचे तशाच, मनापासून. बाकीचे दाणे बोर्डावर इकडेतिकडे पडले. एक थेट त्या चौकोनात गेला आणि पिनांवर आडवा बसला, लालभडक, ओला.

मी प्रोसेसर जपून त्याच्या खोक्यात परत ठेवला. फोनमधून मुलगा म्हणाला, "काय झालं? आई? काय पडलं आत?" भावाचं ताट हातात तसंच. "तांदूळच तं हाय," तो पुटपुटला, "फुंकर मार ना." मी भावाकडे असं बघितलं की तो दाराशी जाऊन उभा राहिला. चिमट्यानं ओढला तर पिना वाकणार. बोर्ड उलटा केला तर ओलं कुंकू सोडणार नाही. मुलाचा आवाज मऊ झाला होता, तो मऊपणा मला जास्त झोंबला. "जाऊ दे आई. मी तिकीट काढतो." मी म्हटलं, "फोन चालू ठेव आणि तोंड बंद." मग पंखा लावला आणि खुर्चीत बसून राहिले. वार्निश ओलं असताना मोटरीला बोट लावलं की तुम्ही किती तापायचे. ओल्याला हात लावायचा नाही, वाळलेलं आपोआप सुटतं. हे तुम्ही भावाला शिकवत होता, बाबूजी. शिकले मी, स्टुलावरून.

कुंकू वाळून फिकट झाल्यावर बोर्ड उचलला, उलटा केला, मागून बोटानं टिचकी मारली. दुसऱ्या टिचकीला दाणा वर्तमानपत्रावर पडला. भिंग लावून बघितलं, रांगा सरळ होत्या. एका कोपऱ्यात लाल झाक राहिली होती. पुसायची हिंमत झाली नाही. प्रोसेसर बसवला, त्यावर त्याचा छोटा पंखा लावला, रॅम दाबून बसवली, तारा लावल्या, बटण दाबलं.

पंखे फिरले. पडदा काळा.

काळाच राहिला. भाऊ दारातून धावत आला. "बंद कर वो बाई, आतमंधी जळून राहिलं असंन!" त्याचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला, मी मधे उभी राहिले. बोर्डाबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं की पहिल्या वेळी यंत्र आपली रॅम तपासतं, वेळ लागतो, पडदा काळा राहतो, तेव्हा वीज बंद करू नये. "लिहिलंय, बंद करायचं नाही." "कुठं लिहिलंय?" "इंग्रजीत." त्याचा हात खाली आला. इंग्रजी म्हटलं की तो आजही गप्प होतो, ही तुमचीच करणी. पण मला कुठे माहीत होतं की पडदा रॅमपायी काळा आहे की कुंकवापायी? मी भिंतीला पाठ लावून उभी, फोनमध्ये मुलगा घड्याळ बघतो आहे, पंखे फिरताहेत. या घरात मी इतकी वर्षं राहिले, पण त्याचा आवाज इतक्या लक्षपूर्वक कधी ऐकला नव्हता. वीज गेली असती तर तिथेच सगळं संपलं असतं.

पडद्यावर अक्षरं आली. पांढरी, इंग्रजी. भाऊ म्हणाला, "वाच ना, काय म्हणते?" मी वाचलं नाही. त्याला म्हटलं, नारळ फोड जा.

मुलगा म्हणाला, "वा. जिंकलीस. बरं, मग राहा तिकडेच. भाडेकरूला 'नाही' म्हणून कळवतो." आणि फोन ठेवला. शब्दाला जागला, त्यात खोट काढायला जागा नाही.

हे त्याच कॉम्प्युटरवर लिहिते आहे. प्रिंटर घेतलेला नाही, म्हणजे कागदावर उतरण्याचा प्रश्न नाही, आणि तुमचा पत्ता कोणाकडे नाही. तेव्हा एक गोष्ट इथे लिहून टाकते, भावालाही सांगितलेली नाही. फोन ठेवल्यावर मी तो हातातच धरून बसले होते. वाटत होतं, मुलगा परत फोन करील. म्हणेल, आई, ते मशीन घेऊनच ये. मी नाहीच म्हटलं असतं, बाबूजी. पण त्यानं म्हणायला हवं होतं.